ये रे माझ्या मागल्या : रीस्टार्टने बऱ्या होणाऱ्या आणि पुन्हा आजारी पडणाऱ्या प्रणालीचे निदान

पहिल्या रीस्टार्टबद्दल कोणाची तक्रार नसते. दुसऱ्या वेळी ‘नेटवर्कमध्ये काहीतरी झाले असेल’ असे म्हणून वेळ मारून नेता येते, कारण नेटवर्क बिचारे स्वतःची बाजू मांडायला कधी येत नाही. तिसऱ्या वेळी मात्र तोच सर्व्हर तसाच मंदावतो, तसाच हँग होतो, बंद करून चालू केल्यावर तसाच शहाण्यासारखा वागू लागतो आणि तक्रारीच्या नोंदीपुढे पुन्हा एकदा ‘समस्या सुटली’ असा शेरा पडतो. प्रस्तुत लेखन या तिसऱ्या वेळेसाठी आहे. अशा प्रणालीचे निदान कसे करावे एवढाच त्याचा विषय आहे. त्याचे सूत्र असे की, दोन बिघाडांमधले अंतर हा सर्वांत बोलका पुरावा असतो आणि नेमका तोच सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

रीस्टार्टने काम का होते, हे आधी पाहिले पाहिजे. प्रोग्राम नुकताच सुरू झालेला असताना त्याची मेमरी कोरी असते, मोजण्या शून्यावर असतात, डेटाबेसच्या जोडण्या ताज्या असतात आणि कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या माहितीत, शिळे काही नसते. प्रोग्रामर स्वतः दिवसभर हेच करत असतो : दोन ओळी बदलायच्या, प्रोग्राम चालू करायचा, बघायचा, बंद करायचा, पुन्हा दोन ओळी बदलायच्या. त्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आयुष्यातली पहिली दहा मिनिटे सर्वाधिक तपासलेली असतात. त्याचा चाळिसावा दिवस मात्र ते लिहिणाऱ्यानेही बहुधा पाहिलेला नसतो. रीस्टार्ट केल्याने प्रणाली त्या तपासलेल्या दहा मिनिटांत परत जाते, इतकेच. जिम ग्रे यांनी १९८५ साली टँडेम या संगणक कंपनीत असताना हेच अधिक शास्त्रशुद्ध रीतीने मांडले होते. चाचण्यांतून पार पडून वापरात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जे दोष उरतात ते बहुतांशी क्षणिक असतात, आणि प्रणाली नव्याने सुरू करून तेच काम पुन्हा केले की ते दिसेनासे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९५ साली बेल लॅब्जमधल्या संशोधकांनी ठरवून, बिघाड होण्याआधीच रीस्टार्ट करण्याच्या पद्धतीला ‘सॉफ्टवेअर रिज्युव्हिनेशन’ असे भारदस्त नावही दिले. तेव्हा रीस्टार्टची लाज बाळगण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो एवढाच की, या औषधाने रोग्याबरोबर पुरावाही धुऊन निघतो.

बटण दाबण्याआधीची पाच मिनिटे

म्हणून रीस्टार्ट करण्याआधी पाच मिनिटे मागून घ्यावीत, आणि कोणी देत नसेल तर न मागता घ्यावीत. प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, व्यापलेली मेमरी, थ्रेडची (त्यात एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची) संख्या, उघड्या फाइलींची संख्या, जोडण्या आणि त्यांची अवस्था, डिस्कवरची शिल्लक जागा, प्रोसेस सुरू झाल्याची वेळ आणि लॉगमधल्या, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीतल्या, शेवटच्या ओळीची वेळ, इतके हाती असले तरी अर्धे काम होते. जावामधली सेवा असेल तर काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतो आहे याची नोंद, घ्यावेत, कारण एकाच डंपवरून एखादा थ्रेड अडकला आहे की नुसताच कामात आहे, हे कळत नाही. येणारे काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे एकाहून अधिक सर्व्हर असतील तर आजारी सर्व्हरकडे जाणारी रहदारी थांबवावी, पण त्याला मारू नये. त्याच्या जागी दुसरा उभा करावा आणि मग या पहिल्याकडे निवांतपणे पाहावे.

रात्री तीन वाजता फोनने उठलेल्या माणसाला यातली एकही आज्ञा आठवत नाही, हे गृहीत धरून वरील सर्व माहिती गोळा करणारी आणि त्यानंतरच रीस्टार्ट करणारी एक स्क्रिप्ट दिवसाउजेडी लिहून ठेवावी. ती स्क्रिप्ट आपली माहिती तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये साठवणार नाही याची खात्री करावी, कारण अनेक लिनक्स यंत्रणांवर तो फोल्डर मशीन रीबूट होताच रिकामा होतो. प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या वेगळ्या बंदिस्त डब्यात, चालत असेल तर तो डबा नव्याने उभा राहताना त्याच्या पोटातले सगळेच जाते. पुरावा अत्यंत काळजीपूर्वक गोळा करून तो नेमका रीबूटमध्ये पुसला जाणाऱ्या जागी ठेवणे, हा आमच्या व्यवसायातला फार जुना विनोद आहे आणि तो दर वेळी नव्या माणसाला नव्याने सुचतो.

खरोखर रीस्टार्ट झाले आहे का

हा प्रश्न वेडगळ वाटतो, परंतु साध्या संगणकाच्या बाबतीत तो पहिला विचारावा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ निवडले की वापरकर्त्याचे सत्र बंद होते, पण कर्नेल (प्रणालीचा गाभा) आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच जशीच्या तशी उचलून पुढे चालवली जाते. ‘रीस्टार्ट’ निवडले तर मात्र कर्नेल खरोखर नव्याने सुरू होतो. परिणामी रोज संध्याकाळी शिस्तीने संगणक बंद करणाऱ्या माणसाचा कर्नेल कित्येक आठवडे जुना असू शकतो, आणि ‘मी तर रोज बंद करतो हो’ हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘सीपीयू’वर क्लिक केले की ‘अप टाइम’ हा आकडा दिसतो. तो तीन आठवड्यांचा असला तर वाद तिथेच संपतो. एकदा ‘रीस्टार्ट’ निवडावे, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. त्यानंतरही दुखणे परत आले तरच पुढचा शोध घेण्यात अर्थ आहे.

अंतर मोजणे

आता प्रत्येक बिघाडाची वेळ आणि त्याआधी प्रणाली सुरू झाल्याची वेळ, अशा जोड्या मांडाव्यात. हे आकडे बहुधा जुन्या ईमेलमध्ये, चॅटमध्ये आणि ‘पुन्हा तेच झाले’ अशा वैतागलेल्या संदेशांत विखुरलेले असतात. ते वेचून एका कागदावर आणण्याचे कंटाळवाणे काम कोणीतरी केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मांडून झाल्यावर एकच गोष्ट पाहायची : बिघाड चालू राहण्याच्या कालावधीशी बांधलेला आहे, झालेल्या कामाशी बांधलेला आहे, की घड्याळ आणि कॅलेंडरशी बांधलेला आहे.

कालावधी दर वेळी अगदी तासा-मिनिटांपर्यंत सारखा निघाला तर संशय मोजणीच्या मर्यादेवर घ्यावा. ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, ४,२९,४९,६७,२९६ एवढेच वेगवेगळे आकडे मावतात. मिलिसेकंद मोजायला ते वापरले तर ४९ दिवस आणि १७ तासांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते; एक बिट ऋण-धन चिन्हासाठी गेला असेल तर २४ दिवस आणि साधारण साडेवीस तासांतच ती उलटते. सेकंदाचा शंभरावा भाग मोजला जात असेल तर या मुदती अनुक्रमे ४९७ आणि २४८ दिवसांच्या होतात. हे चार आकडे भिंतीवर लावून ठेवण्याच्या लायकीचे आहेत, कारण ज्याला ते ओळखीचे असतात तो पंचवीस दिवसांनी पडणाऱ्या सेवेकडे पाहून पाच मिनिटांत योग्य फाइल उघडतो आणि ज्याला नसतात तो महिनाभर नेटवर्कवर खापर फोडत बसतो.

विंडोज ९५ आणि ९८ या आवृत्त्या ४९.७ दिवस सलग चालल्या की हँग होऊ शकत असत. गमतीचा भाग असा की, हा दोष चव्हाट्यावर यायला १९९९ साल उजाडले. तोवर इतके दिवस न कोलमडता चाललेले मशीन फारसे कोणाला भेटलेच नव्हते, म्हणजे इतर दोषांनी या दोषाला पांघरूण घातले होते. बोइंग ७८७ विमानाच्या बाबतीत २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आदेश काढला, कारण विमानाच्या जनरेटरांचे नियंत्रण करणारी एकके सलग २४८ दिवस विजेवर राहिल्यास एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता आढळली होती. तात्पुरता उपाय अर्थातच तोच : ठराविक मुदतीच्या आत वीज बंद करून पुन्हा चालू करणे. एचपीई कंपनीने २०१९ साली आपल्या काही एसएसडींबाबत (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कबाबत) असेच कळवले होते. ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर त्या कायमच्या निकामी होत आणि आतला डेटाही जाई. तिथे रीस्टार्टचाही उपयोग नव्हता, आणि एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच तासाला जाणार असल्याने त्यांची एकमेकींवर ठेवलेली प्रतही कामाची नव्हती. जावास्क्रिप्टमध्ये याचे घरगुती रूप रोज भेटते : काम ठराविक वेळाने करायला सांगणाऱ्या सेटटाइमआउटला २४.८ दिवसांपेक्षा मोठी मुदत दिली की ते काम जवळजवळ लगेच उरकले जाते, आणि ‘महिन्याने पाठवा’ असे सांगितलेले स्मरणपत्र त्याच क्षणी ग्राहकाच्या हाती पडते.

कालावधी सारखा नाही, पण वर्दळ दुप्पट झाल्यावर तो साधारण निम्मा होतो, असे दिसले तर ती गळती, म्हणजे घेतलेली मेमरी काम झाल्यावरही परत न करणे, समजावी. मेमरीचा आलेख पाहावा. कॅश भरत असेल तर आलेख चढतो आणि एका पातळीवर स्थिरावतो. गळती असेल तर तो करवतीच्या दातांसारखा प्रत्येक रीस्टार्टला खाली येऊन पुन्हा चढू लागतो. गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेल्या मेमरीची आपोआप सफाई, असलेल्या भाषांत फक्त प्रत्येक सफाईनंतरच्या नीचांकाकडे बघावे, कारण मधले चढउतार काहीच सांगत नाहीत. नीचांकच दर दिवशी वर सरकत असेल तर हीप डंप, म्हणजे मेमरीतल्या सर्व वस्तूंची नोंद, घेऊन कोणत्या प्रकारच्या वस्तूंची संख्या फुगली आहे ते पाहावे. बहुतेक वेळा तिथे मर्यादा न घातलेला एखादा मॅप, म्हणजे नावांनुसार माहिती साठवणारी यादी, सापडतो, ज्याला कोणीतरी प्रेमाने ‘कॅश’ असे नाव दिलेले असते. प्रोसेस काही न बोलता नाहीशी झाली असेल आणि तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये अवाक्षर नसेल, तर कर्नेलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या ‘ओओएम किलर’ची नोंद शोधावी. मेमरीप्रमाणेच फाइलींचीही गळती होते. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा अनेक ठिकाणी मुळात १०२४ असते, प्रत्येक नेटवर्क जोडणीही त्यातच मोजली जाते, आणि ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश दिसू लागला की मर्यादा वाढवून मोकळे होण्याचा मोह होतो. मर्यादा वाढवणे किंवा मेमरी दुप्पट करणे म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला. बिघाड निम्म्या वेळा होऊ लागतो, त्याची नोंद अहवालात ‘पन्नास टक्के सुधारणा’ अशी होते आणि गळती जिथल्या तिथे राहते.

तिसरा प्रकार कॅलेंडरचा, आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात लोक वारांवर संशय घेऊ लागतात. ‘आपला सर्व्हर सोमवारी सकाळीच पडतो’ असे गंभीरपणे सांगितले जाते आणि सोमवारी सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन केल्यामुळे ताण येतो, असा निष्कर्षही काढला जातो. प्रत्यक्षात कारण बहुतेकदा उलटे असते; ताणाने नव्हे, तर विश्रांतीने बिघाड झालेला असतो. मायएसक्यूएल डेटाबेस २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, काहीच विचारणा न झालेली जोडणी स्वतःहून बंद करतो. रात्र आठ तासांपेक्षा मोठी असते आणि सुट्टी तर त्याहून. अॅप्लिकेशनच्या कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात, त्या मेलेल्या जोडण्या जिवंत म्हणून पडून राहतात आणि सकाळी पहिल्या येणाऱ्यांच्या वाट्याला त्रुटीचा संदेश येतो. रीस्टार्ट केला की पूल नव्याने भरतो आणि पुढच्या शांत रात्रीपर्यंत सर्व आलबेल असते.

मध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची रहदारी गाळणारी यंत्रणा, असेल तर प्रकरण आणखी मजेदार होते. अनेक फायरवॉल तासभर शांत राहिलेली जोडणी आपल्या यादीतून काढून टाकतात, पण दोन्हीकडच्या मशीनना त्याची वार्ता देत नाहीत. लिनक्समधला टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत जोडणीवरून अधूनमधून जाणारी विचारपूस, अशा जोडण्या जागत्या ठेवण्यासाठीच आहे, परंतु तो अॅप्लिकेशनने मागितला तरच चालू होतो आणि त्याची मूळ मुदत ७,२०० सेकंदांची, म्हणजे दोन तासांची असते. जोडणी पहिल्या तासातच गेलेली असल्याने दुसऱ्या तासाच्या शेवटी विचारपूस करून उपयोग नसतो. अशा वेळी त्रुटीचा संदेशही लगेच येत नाही, प्रोग्राम नुसता वाट पाहत राहतो. उपाय तीन आहेत आणि तिन्ही करावेत : पूलमधून जोडणी देताना ती जिवंत आहे का हे तपासावे, पूलमधल्या जोडणीचे कमाल आयुष्य डेटाबेस आणि फायरवॉल या दोघांच्या मुदतींहून कमी ठेवावे, आणि कीपअलाइव्हची मुदत काही मिनिटांवर आणावी.

संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रांचाही बिघाड याच प्रकारात मोडतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे थोड्याच मुदतीची असतात, त्यांचे नूतनीकरण आपोआप होते, नवी फाइल डिस्कवर वेळेत येऊन पडते, पण वेब सर्व्हर सुरू होताना वाचलेले जुने प्रमाणपत्रच दाखवत राहतो. नूतनीकरणानंतर सर्व्हरला ‘रीलोड’ करण्याची एक ओळ जोडली की हे दुखणे कायमचे जाते.

डिस्क भरली आहे, पण फाइली सापडत नाहीत

हा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. डिस्क शंभर टक्के भरल्याचा इशारा येतो. ‘डीएफ’ ही आज्ञा दिली की एक किलोबाइटही शिल्लक नाही असे दिसते. ‘डीयू’ने सर्व फोल्डरांची बेरीज केली तर डिस्क निम्मी रिकामी निघते. दोन्ही आज्ञा खऱ्या बोलत असतात. कोणीतरी भली मोठी लॉग फाइल जागा करण्यासाठी हाताने काढून टाकलेली असते, परंतु ज्या प्रोसेसने ती उघडून धरली आहे ती अजून तीत लिहीतच असते. लिनक्समध्ये फाइलचे नाव गेले तरी ती उघडी असेतोवर तिची जागा सुटत नाही. ‘डीयू’ नावे चाळत जातो म्हणून त्याला ती दिसत नाही, ‘डीएफ’ डिस्कवरचे व्यापलेले ब्लॉक मोजतो म्हणून त्याला दिसते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’च्या यादीत ती ‘डिलीटेड’ अशा शेऱ्यासह सापडते आणि तिच्याशेजारीच ती धरून बसलेल्या प्रोसेसचा क्रमांकही असतो. रीस्टार्ट केला की जागा क्षणात मोकळी होते, आणि म्हणूनच हा रीस्टार्ट चमत्कारासारखा वाटतो. पुढच्या वेळी फाइल काढून न टाकता ती रिकामी करावी, आणि मुळात लॉग फिरवण्याची व्यवस्था अशी लावावी की फाइल बदलल्याचे प्रोसेसलाही कळवले जाईल.

ठरवून केलेला रीस्टार्ट

मूळ कारण सापडेपर्यंत ठरलेल्या वेळी रीस्टार्ट करत राहण्यात गैर काही नाही. अपाची वेब सर्व्हरमध्ये ठराविक संख्येच्या जोडण्या हाताळून झाल्यावर उपप्रोसेस निवृत्त करण्याची सोय गळतीचीच काळजी म्हणून दिलेली आहे. मात्र सर्व सर्व्हर एकाच मिनिटाला निवृत्त होणार नाहीत, हे पाहावे. शिवाय हे काम माणसाच्या आठवणीवर सोपवू नये. १४ सप्टेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा विमानांशी असलेला आवाजी संपर्क सुमारे तीन तास तुटला होता. त्या प्रणालीतली मोजणी ४९.७ दिवसांत संपत असे, म्हणून ती दर ३० दिवसांनी रीस्टार्ट करण्याचा नियम होता, आणि या खेपेला तो रीस्टार्ट राहून गेला. राखीव प्रणालीही चालली नाही.

सूचना देताना आकडा द्यावा, हेही तितकेच महत्त्वाचे. १९९१ च्या आखाती युद्धात पेट्रियट क्षेपणास्त्र प्रणालीच्या घड्याळातली चूक ती जितकी जास्त वेळ सलग चाले तितकी वाढत जात असे. ‘फार वेळ’ चालवल्यास लक्ष्य निसटू शकते, असा संदेश तुकड्यांना गेला होता. फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. २५ फेब्रुवारीला धाहरान येथील प्रणाली सलग शंभर तासांहून अधिक चालू होती, येणारे क्षेपणास्त्र तिने अडवले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर तिथे दुसऱ्या दिवशी पोहोचले. आपल्या टिपणात ‘अधूनमधून रीस्टार्ट करावा’ असे लिहिलेले असेल तर ते खोडून ‘सलग २० दिवसांच्या आत’ असे, किंवा जो आकडा मोजणीतून निघाला असेल तो लिहावा, आणि त्याखाली कारणही लिहावे, म्हणजे दोन वर्षांनी कोणी ते अंधश्रद्धा समजून काढून टाकणार नाही किंवा श्रद्धा समजून चालूही ठेवणार नाही.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवावे

दुरुस्तीनंतर दोन दिवस सगळे व्यवस्थित चालले म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. रीस्टार्टनंतरही दोन दिवस व्यवस्थितच चालत होते. बिघाडांमधले जे सर्वांत मोठे अंतर नोंदीत आहे, त्याच्या दुप्पट काळ तक्रार उघडी ठेवावी. गळती असेल तर इतके थांबण्याची गरज नाही, कारण चाचणीत वर्दळ दहापट केली की आठवड्याचे उत्तर एका दिवसात मिळते. मोजणी उलटण्याचा दोष असेल आणि अंतर २४८ दिवसांचे असेल, तर वाट पाहण्यात तर काहीच हशील नाही. तिथे लिनक्स कर्नेलच्या लेखकांनी वापरलेली युक्ती उचलावी. कर्नेलमधली ‘जिफीज’ नावाची मोजणी शून्यापासून सुरू होतच नाही. ३२ बिटांचा काटा उलटायला पाच मिनिटे बाकी असतील अशा आकड्यापासून ती मुद्दाम सुरू केली जाते. त्यामुळे एखाद्या ड्रायव्हरमध्ये उलटणारी मोजणी चुकीची हाताळली असेल, तर तो मशीन सुरू झाल्यापासून पाच मिनिटांत, म्हणजे लिहिणारा अजून खुर्चीत बसलेला असतानाच कोसळतो. आपल्या सेवेतल्या मोजणीचा आरंभीचा आकडा कॉन्फिगरेशनमधून देता येईल असे करावे, चाचणीच्या सर्व्हरवर तो मर्यादेच्या अलीकडे ठेवावा, आणि पाच मिनिटांनंतरही सेवा उभी असेल तरच नोंदीपुढे ‘समस्या सुटली’ हा शेरा मारावा.